उभी गाडी रात्रभरात साडेतीन किलोमीटर कशी चालते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. तुमच्याकडे ४० गाड्या आहेत आणि प्रत्येकीत ट्रॅकर आहे. ट्रॅकरचे किलोमीटर आणि गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर जुळत नाहीत. रात्री जागेवर उभी असलेली गाडी नकाशावर शेजारच्या गल्लीत फिरून येते. त्यावरून दोन चालकांशी वाद झाला आणि एकाचा पगार कापला गेला. आता ट्रॅकर पुरवणारा म्हणतोय की नवीन ड्युअल-बँड उपकरणं घ्या, ती ‘सेंटीमीटरपर्यंत अचूक’ आहेत. घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: उपकरणं आत्ता बदलू नका, आणि कापलेला पगार आधी परत द्या. पहिल्या भागाबद्दलचं माझं मत परिस्थिती कळल्यावर बदलू शकतं. दुसऱ्याबद्दलचं बदलणार नाही.

मी बरीच वर्षं वाहनांच्या लोकेशन डेटावर काम करते, आणि त्यातला निम्मा वेळ असले वाद सोडवण्यात गेला आहे. ‘ट्रॅकर किती अचूक आहे?’ इथून सुरुवात केली की माणूस हमखास भरकटतो. विचारायचं असं: या ठिपक्याच्या जिवावर मी कोणता निर्णय घेणार आहे, आणि तो निर्णय किती मीटरची चूक सोसू शकतो? गाडी शहराच्या कुठल्या भागात आहे एवढंच हवं असेल, तर ५० मीटरच्या चुकीने कुणाचं काही बिघडत नाही. माल गोदामाच्या पुढच्या दाराशी उतरवला की मागच्या, यावर बिल अडत असेल तर ५ मीटरही फार झाले.

ट्रॅकरमधला रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल पकडणारा भाग, जागा मोजत नाही, वेळ मोजतो. जीपीएसचा उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत’ असं सतत सांगत असतो. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून रिसीव्हर अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं की ३०० मीटरचा घोळ. ट्रॅकरमधलं स्वस्त घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून तीनऐवजी किमान चार उपग्रह लागतात. चौथा असतो तो स्वतःच्या घड्याळाची चूक पकडण्यासाठी. त्यात वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, सिग्नलला उशीर करतो, आणि भिंतीवर आपटून आलेला सिग्नल लांबून आल्यासारखा वाटतो. एवढं सगळं जुळवून रिसीव्हर जे सांगतो ते ‘मी इथे आहे’ असं नसतं, ‘मी बहुधा इथल्या आसपास आहे’ असं असतं.

मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलसाठी हे ‘आसपास’ म्हणजे ढोबळमानाने ५ मीटर. अँड्रॉइड प्रत्येक ठिपक्यासोबत अचूकतेची त्रिज्याही देतं, पण तिचा अर्थ फार कमी लोकांना माहीत असतो: खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे जवळपास तीनांत एकदा ती वर्तुळाबाहेर असणार, आणि तरीही फोनने खोटं सांगितलं असं होत नाही. तुमच्या ट्रॅकरच्या स्क्रीनवर मात्र वर्तुळ नसतं, टोकदार पिन असते. ही पिन मला कायम खटकते. जिथे शंका दाखवायला हवी तिथे ती ठामपणा दाखवते, आणि बघणारा माणूस त्या ठामपणावर विसंबून चालकाला केबिनमध्ये बोलावतो.

आता तुमची उभी गाडी. ट्रॅकर दर १० सेकंदांनी ठिपका पाठवतो असं धरा. रात्रीच्या १० तासांत ३,६०० ठिपके झाले. लागोपाठच्या दोन ठिपक्यांत सरासरी फक्त एक मीटरचा फरक पडला आणि सॉफ्टवेअर ठिपका ते ठिपका अंतर जोडत गेलं, तर सकाळी त्या गाडीच्या नावावर ३.६ किलोमीटर जमा होतात. गाडी तसूभरही हललेली नसते. यातली मेख अशी की अंतर कधी उणे होत नाही. एक मीटर उत्तरेला गेलेला ठिपका पुन्हा एक मीटर दक्षिणेला आला, तर जागेचा हिशेब शून्य होतो, अंतराचा दोन मीटर होतो. चूक कितीही छोटी असली तरी ती साठतच जाते.

चालत्या गाडीत याच्या उलट चूक होते, आणि ती त्याच रिपोर्टात लपलेली असते. मिनिटाला एक ठिपका येतोय आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने चाललीय, तर दोन ठिपक्यांमध्ये ६०० मीटर जातात. समजा ती ३०० मीटर सरळ गेली, काटकोनात वळली आणि पुढे आणखी ३०० मीटर गेली. सॉफ्टवेअर मधला कर्ण मोजतं: ४२४ मीटर. जवळजवळ ३० टक्के अंतर हवेत गेलं. म्हणून माझा अंदाज असा, की तुमच्या सगळ्या गाड्या एकाच दिशेने चुकत नसतील. इंजिन बंद करून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे किलोमीटर जास्त दिसत असतील आणि गल्लीबोळांतून वळत जाणाऱ्यांचे कमी. असे दोन गट करून एकदा बघाच. तसं निघालं तर दोष उपकरणात कमी आणि अंतर मोजायच्या पद्धतीत जास्त आहे. ठिपका किती वेळाने पाठवायचा ही तर निव्वळ सेटिंग आहे. ती चूक नवीन उपकरणातही जशीच्या तशी येईल.

उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. इग्निशन बंद असेल तेव्हा ठिपका गोठवायचा. यासाठी ट्रॅकरला इग्निशनची वायर जोडलेली असावी लागते, आणि घाईत बसवलेल्या उपकरणांत ती जोडलेलीच नसते हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता तपासणीची सुरुवातच तिथून करते. दुसरं म्हणजे अंतर ठिपक्यांवरून काढायचं नाही, वेगावरून काढायचं. बहुतेक रिसीव्हर वेग काढतात तो दोन जागांमधल्या फरकावरून नाही, तर सिग्नलच्या वारंवारतेतल्या डॉप्लर बदलावरून (गतीमुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून), आणि तो आकडा जागेपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. उभ्या गाडीचा ठिपका ५ मीटर भटकेल, पण वेग शून्याच्या आसपासच घुटमळतो. बऱ्याच ट्रॅकरमध्ये दर सेकंदाचा वेग उपकरणाच्या आतच जोडून अंतर काढायची सोय असते. ती चालू आहे का, एवढं पुरवठादाराला विचारा. उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरूनही बरंच काही कळेल.

पुरवठादार कदाचित म्हणेल, आम्ही ठिपके रस्त्यावर चिकटवून देतो. याला मॅप मॅचिंग म्हणतात आणि ते चांगलं केलं तर फार उपयोगी पडतं. चांगलं म्हणजे ठिपक्याला सर्वात जवळचा रस्ता द्यायचा असं नाही, तर ठिपक्यांची अख्खी माळ बघून कुठला मार्ग शक्य वाटतो ते ठरवायचं. पण उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांत चांगलं सॉफ्टवेअरही गोंधळतं, आणि नकाशात नसलेल्या रस्त्यावरून गेलेल्या गाडीला ते खुशाल भलत्याच रस्त्यावर नेऊन ठेवतं. म्हणून वाद झाला की चिकटवलेला मार्ग बाजूला ठेवून कच्चे ठिपके मागायचे.

आणि हो, गाडीचं मीटरही काही देव नाही. ते चाकाचे फेरे मोजतं. टायरचा व्यास ६५० मिलिमीटर आहे आणि त्याची नक्षी ६ मिलिमीटर झिजली, तर व्यास १२ मिलिमीटरने घटतो. त्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि मीटर जवळपास २ टक्के जास्त दाखवतं. महिन्याला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हे ५०-६० किलोमीटर झाले. दोन चुकणाऱ्या साधनांची तुलना करून माणसाला चोर ठरवण्याआधी एवढा विचार व्हायला हवा.

आता त्या ‘सेंटीमीटर’बद्दल. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

ड्युअल-बँड म्हणजे रिसीव्हर एल-वन (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) सोबत एल-फाइव्ह (११७६.४५ मेगाहर्ट्झ) हा सिग्नलही ऐकतो. आयनांबराचा उशीर वारंवारतेनुसार बदलतो, त्यामुळे दोन सिग्नलांची तुलना करून तो बराचसा वजा करता येतो. शहरात यापेक्षाही मोठा फायदा दुसरा आहे. एल-फाइव्हच्या संकेताची गती जुन्या सिग्नलच्या दहापट आहे, त्यामुळे थेट आलेला सिग्नल आणि भिंतीवरून आपटून आलेला सिग्नल यांना वेगळं करणं सोपं जातं. ही सोय असलेला पहिला स्मार्टफोन, शाओमीचा ‘मी ८’, २०१८ मध्ये आला. त्यानंतर या चिप स्वस्त होत गेल्या. मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. उंच इमारतींच्या रस्त्यावर पूर्वी पलीकडच्या फुटपाथवर उडणारा ठिपका त्यांच्यामुळे खरंच आपल्या बाजूला राहतो, बहुतेक वेळा. मात्र थेट सिग्नल इमारतीने पूर्ण अडवला असेल आणि फक्त परावर्तित सिग्नलच पोहोचत असेल, तर दुसरा बँडही हतबल असतो.

पण यातून मिळते ती मीटरच्या पातळीवरची सुधारणा. सेंटीमीटर हवे असतील तर वेगळीच यंत्रणा लागते. आरटीके पद्धतीत जवळपास एक संदर्भ केंद्र लागतं, ज्याची जागा आधीच नेमकी माहीत असते. ते आपली चूक सतत कळवतं आणि तुमचा रिसीव्हर ती वजा करतो. त्यासाठी अखंड नेटवर्क, चांगला अँटेना आणि मोकळं आकाश लागतं. शेतात सरळ रेषेत चालणारा ट्रॅक्टर किंवा मोजणी करणारा सर्व्हेअर यांना ते परवडतं आणि शोभतं. युरोपच्या गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणेने जानेवारी २०२३ मध्ये सुधारणांची मोफत सेवाही सुरू केली. तिचं लक्ष्य २० सेंटीमीटरच्या आसपासची अचूकता आहे, पण त्यासाठी ती सेवा वाचू शकणारा रिसीव्हर हवा आणि आकडा स्थिरावायला काही मिनिटं द्यावी लागतात. डॅशबोर्डखाली कोंबलेल्या ट्रॅकरमध्ये सेंटीमीटर येत नाहीत. पुरवठादाराला विचारा: सुधारणांचा डेटा कुठून येतो, त्याचं शुल्क कोण भरतं, आणि हे सेंटीमीटर उघड्या मैदानात मोजले की चालत्या गाडीत?

डॅशबोर्डवरून आठवलं. एका ग्राहकाकडे सहा गाड्या सतत ३०-४० मीटर चुकत होत्या. महिनाभर फर्मवेअरवर, म्हणजे ट्रॅकरच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, खल झाला. शेवटी मी एका गाडीचा डॅशबोर्ड उघडायला लावला, तर ट्रॅकर धातूच्या पट्टीमागे, अँटेनाचं तोंड जमिनीकडे करून बसवलेला. सहाही गाड्या एकाच माणसाने एकाच दिवशी बसवलेल्या होत्या. अँटेना आकाशाकडे वळवला आणि प्रश्न संपला. काही गाड्यांच्या काचेत धातूचा पातळ थर असतो, तिथे काचेमागे लावूनही उपयोग होत नाही. सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा तो रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटापेक्षाही क्षीण असतो. त्याच्या वाटेत पत्रा ठेवून वर अचूकता मागणं बरोबर नाही.

तो क्षीण आहे म्हणूनच त्याला दाबणंही सोपं आहे. अमेरिकेत मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून एका चालकाने गाडीत जॅमर, म्हणजे सिग्नल दाबणारं उपकरण, लावला होता, आणि नेवार्क विमानतळाजवळून जाताना तिथल्या विमान उतरवण्याच्या यंत्रणेला त्याचा त्रास झाला. २०१३ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने त्याच्यावर जवळपास ३२ हजार डॉलरच्या दंडाची कारवाई केली. अलीकडे हा प्रकार एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. २०१७ मध्ये काळ्या समुद्रातल्या जहाजांना आपण किनाऱ्यावरच्या विमानतळावर असल्याचं दिसत होतं, आणि २०२४ मध्ये फिनएअरने सिग्नलच्या अडथळ्यामुळे एस्टोनियातल्या टार्टूची उड्डाणं महिनाभर थांबवली. तुमच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच: गाडी क्षणात ५० किलोमीटर उडाली तर पहिला संशय सिग्नलवर घ्या, चालकावर नाही.

आता पगार कापण्याचं. तुम्ही लिहिलंय की गाडी ठरलेल्या आवाराबाहेर ‘११ मिनिटं’ होती. या आवाराचा जिओफेन्स, म्हणजे नकाशावर आखलेली हद्द, किती मोठा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो कुंपणाच्या रेषेवर नेमका काढला असेल आणि गाडी कुंपणाला लागून उभी असेल, तर तो ठिपका दिवसभर आतबाहेर करत राहणार. कुंपणापासून किमान ३०-४० मीटर बाहेर रेषा काढा, आणि सलग काही मिनिटं आणि काही ठिपके बाहेर दिसल्याशिवाय ‘बाहेर गेली’ अशी नोंद होऊ देऊ नका.

शिवाय वेळ. ही चूक कुणी बघतच नाही. नेटवर्क नसताना ट्रॅकर ठिपके साठवून ठेवतो आणि नंतर एकदम पाठवतो. सर्व्हरने ठिपका घेतल्याची वेळ न लावता तो पोहोचल्याची वेळ लावली, की दुपारी दोनचा प्रवास तीन वाजता झालेला दिसतो. जीपीएसची वेळ आणि जगाची प्रमाणवेळ यांत १८ सेकंदांचा फरक आहे, तो काही सॉफ्टवेअर वजा करायला विसरतात. आणि जीपीएसचा मूळ संदेश आठवडे मोजतो ते फक्त १,०२४ पर्यंत; मग पुन्हा शून्य. ६ एप्रिल २०१९ ला असा फेरा पूर्ण झाला, तेव्हा माझ्याकडच्या काही जुन्या ट्रॅकरांनी गाड्या ऑगस्ट १९९९ मध्ये नेऊन सोडल्या होत्या. पुढचा फेरा नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. ती ११ मिनिटं कुठल्या घड्याळाची होती, हे कळल्याशिवाय पगाराला हात लावू नये असं मला वाटतं.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. तुमच्या काही गाड्या रात्री चालकाच्या घरी असतात असं दिसतंय. म्हणजे त्यांची घरं, सुट्टीचे दिवस, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं तुमच्या सर्व्हरवर आहे. ‘आम्ही नाव काढून टाकतो’ याने भागत नाही. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांत वेळ आणि जागेचे फक्त चार ठिपके ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरेसे ठरले. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने धावपटूंच्या मार्गांचा निनावी एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा २०१८ च्या सुरुवातीला त्यात लष्करी तळ उजळलेले दिसले होते. फोनच्या दुनियेने यातून थोडं शिकून घेतलं: आयओएस १४ आणि अँड्रॉइड १२ पासून ॲपला नेमकं लोकेशन न देता ढोबळ लोकेशन देता येतं. वाहनांच्या ट्रॅकिंगमध्ये ही समज अजून यायची आहे. कामाची वेळ संपली की नोंद बंद करा किंवा ठिपका किलोमीटरभर ढोबळ करा, आणि जुना डेटा किती दिवसांनी पुसायचा ते लेखी ठरवा. चोरीची भीती असेल तर गाडी हलल्यावरच नोंद पुन्हा सुरू होईल अशी व्यवस्था करता येते.

उपकरणं कधी बदलावीत? तुमचे ट्रॅकर टू-जी किंवा थ्री-जीवर चालत असतील आणि तुमचं नेटवर्क ते बंद करणार असेल, तर बदलावीच लागतील. अनेक देशांत ही नेटवर्कं बंद झाली आहेत किंवा होत आहेत. तेव्हा ड्युअल-बँड जरूर घ्या. गाड्या बहुतेक वेळ उंच इमारतींमध्ये फिरत असतील तर त्याआधीही विचार करता येईल. मोकळ्या रस्त्यांवर आणि महामार्गांवर फिरत असतील तर फरक जाणवणारही नाही.

त्याआधी एक करा. ज्या गाडीवरून वाद झाला तिचा एका आठवड्याचा कच्चा डेटा पुरवठादाराकडून मागून घ्या. त्यात ठिपका घेतल्याची वेळ, सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, उपग्रहांची संख्या, एचडीओपी (आकाशातल्या उपग्रहांच्या मांडणीमुळे चूक किती वाढू शकते ते सांगणारा आकडा) आणि इग्निशनची स्थिती एवढे रकाने हवेत. दिवसभराचा सारांश-रिपोर्ट चालणार नाही, त्यातून मला काहीच दिसत नाही. हा डेटा इथे टाकलात तर मी नक्की बघेन. फक्त टाकण्याआधी चालकाचं नाव आणि त्याच्या घराजवळचे ठिपके त्यातून काढून टाका.